एकट्याचा वर्ग

सकाळची प्रार्थना आटपली, घंटा झाली, की मिशनच्या कॉलेजात पोरापोरींचा लोंढा दगडी जिन्यानं वर चढायचा. भूगोलवाली डावीकडच्या मोठ्या खोलीत, इतिहासवाली तिच्या शेजारी, कॉमर्सवाली पार पलीकडं नव्या इमारतीत. आणि उजव्या कोपऱ्यात, जिथं चिंचेची फांदी खिडकीतून आत डोकवायची, त्या खोलीत तत्त्वज्ञानाचा तिसऱ्या वर्षाचा वर्ग जायचा. वर्ग म्हणजे वाल्मिक. वाल्मिक सहादेव गर्जे, राहणार पाथर्डी तालुक्यातलं डोंगराकडेचं एक गाव. तो आत गेला की वर्ग भरला, बाहेर आला की वर्ग सुटला. त्याला शिंक आली, तर वर्गात गडबड झाली असं धरायचं.

शिकवायला शमुवेल उजागरे सर. माणूस मोठा शिस्तीचा आणि तितकाच मिस्कील. उभं राहून, चष्मा नाकावर ओढून, पार मागच्या बाकांकडं नजर टाकत ते हजेरी घ्यायचे.

"गर्जे वाल्मिक सहादेव."

"हजर सर."

"आज उपस्थिती चांगली आहे," असं म्हणून सर हजेरीपट मिटायचे. वाल्मिक उशिरा आला तर म्हणायचे, "सगळा वर्गच उशिरा यायला लागला, तर मी शिक्षा तरी कुणाकुणाला करू?" पोरगं जांभई द्यायला लागलं की म्हणायचे, "वर्गाचा कंटाळा दिसतोय, खिडकी उघडा." मग खिडकी उघडायला उठायचा तो वर्गच.

हे असं झालं कसं, ते सांगायला हवं. दुसऱ्या वर्षाला होस्टेलच्या एका खोलीतल्या पाच पोरांनी ठरवलं होतं, की तिसऱ्या वर्षाला सगळ्यांनी मिळून तत्त्वज्ञान घ्यायचं. कारण काही फार खोल नव्हतं. खोली गार, सर प्रेमळ, आणि पाचही जण एका बाकावर. वाल्मिकनं सगळ्यांच्या आधी नाव घातलं आणि पेरणीला गावाकडं गेला. मागं राहिलेल्या चौघांना कळलं, की भूगोलाची सहल कोकणात जाते. समुद्र दाखवतात, होडीत बसवतात. समुद्र म्हटल्यावर कशाचं तत्त्वज्ञान आणि कशाचं काय. चौघं त्याच दिवशी भूगोलात गेले. वाल्मिक गावाकडून शेंगांची पिशवी घेऊन परतला, तेव्हा विषय बदलायची तारीख होऊन गेली होती.

"अरे, तुला फोन करणारच हुतो," चौघांतला एक म्हणाला.

"मंग?"

"मंग राहिलं."

राहिलं म्हणजे राहिलंच. भांडण नाही, अबोला नाही. खोली तीच, मेस तीच, आंघोळीला नंबर लावणंही तेच. पण ती पोरं सहलीहून आली आणि त्यांच्या बोलण्यात वाल्मिकला शिरायला जागा उरली नाही. घाटात कोण ओकला, होडीत कोण रडला, रेतीत कुणाची चप्पल गेली, ह्याच्यावर दोन-दोन तास हसायची. वाल्मिकपण हसायचा. पण तो हसायचा ते दुसरे हसले की मग, बहिऱ्या माणसानं भजनात मान हलवावी तसा. कुणी त्याच्याकडं बघून गोष्ट सांगायचं नाही, कारण सांगणाऱ्याला ठाऊक असायचं, ह्यानं काही बघितलेलं नाही.

प्रत्येक वर्गाचा मोबाईलवर ग्रुप. भूगोलाच्या ग्रुपवर दिवसभर टिंगटिंग. तत्त्वज्ञानाच्या ग्रुपवर दोन माणसं, त्यातले एक सर. सर सकाळी फुलाचं चित्र टाकायचे, वाल्मिक हात जोडायचा, ग्रुपचं दिवसभराचं काम संपायचं. वर्गावर्गांची रस्सीखेच लागली तेव्हा मैदानावरून कुणीतरी ओरडलं, "तत्त्वज्ञानवाल्यांनी दोर धरा रे." सगळं मैदान हसलं, वाल्मिकही हसला आणि हळूच पाणी प्यायला म्हणून गेला तो परत आला नाही. परत आला नाही हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आई-बाप तेव्हा कोपरगावच्या अंगाला ऊसतोडीला. दिवस बुडता बुडता लंकाबाईचा फोन यायचा. मागं ट्रॅक्टरचा आवाज, कुणाचं तरी लेकरू रडतंय, आणि आई मोठ्यानं बोलते, जणू फोन नसता तरी ऐकू गेलं असतं.

"जेवला का रं?"

"व्हय."

"दोस्तबिस्त हायत ना संगती? एकटा नको ऱ्हात जाऊ."

"लई हायत गं. आत्ता इथंच बसलेत."

बाईला बरं वाटायचं. वाल्मिक होस्टेलच्या ओट्यावर एकटा बसलेला असायचा, समोरून उसाच्या गाड्या कारखान्याकडं जात असायच्या, आणि त्यातली एखादी आपल्याच बापानं भरून दिलेली असेल का, असं तो उगाच बघत राहायचा. कोपरगावचा ऊस इकडं कशाला येतोय. पण बघायला काय जातंय.

डिसेंबर लागला आणि गॅदरिंगचं वारं सुटलं. आता इथली रीत अशी, की गॅदरिंगचा सेक्रेटरी सगळ्या पोरांनी निवडायचा नाही. प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी, आणि ह्या प्रतिनिधींनी प्राचार्या भांबळबाईंच्या केबिनमध्ये बसून मत द्यायचं. मोठ्या वर्गाला एक मत, लहान वर्गालाही एकच. हा नियम कुणा गोऱ्या साहेबानं घालून दिला होता म्हणतात. साहेबाच्या स्वप्नातही आलं नसेल, की पुढं एका माणसाचा वर्ग निघणार आहे. वाल्मिक आपल्या वर्गाचा प्रतिनिधी बिनविरोध होता. विरोध करायला उठायचं कुणी?

उभे राहिले दोघं. एक करण, भूगोलाचा. अंगानं दांडगा, मोटारसायकलवर फिरणारा, मागं सतत पाच-सहा पोरं. त्याला गॅदरिंगला डीजे पाहिजे होता. दुसरी मोनिका पारधे, चर्चमागच्या वस्तीतली, नाताळच्या गाण्यांच्या मेळ्यात पुढं उभी राहून गाणारी. तिला नाटक पाहिजे होतं, आणि शेलापागोटे. म्हणजे ज्याची त्याची नाव न घेता मापं काढलेल्या चिठ्ठ्या भर सभेत वाचायच्या आणि ज्याच्यावर आहे त्यानंही हसायचं. बाकीच्या प्रतिनिधींचा अंदाज दोन्ही बाजूंनी घेतला. निम्मे इकडं, निम्मे तिकडं, अगदी तराजू धरल्यासारखं. मग कुणाच्या तरी टाळक्यात उजेड पडला.

"अरे, तत्त्वज्ञानाचं एक मत राहिलं ना."

दुसऱ्या दिवशी वाल्मिक मेसमध्ये ताट घेऊन नेहमीच्या कोपऱ्याकडं निघाला, तर करणनं लांबूनच हाक दिली. "ए वाल्या, तिकडं कुठं? इकडं ये की." बाकावर सरकासरकी झाली. वाल्मिकला दोघांच्या मध्ये बसवलं. करणनं आपल्या ताटातली भाकरी त्याच्या ताटात टाकली. मग सहलीची गोष्ट निघाली, आणि ह्या खेपेला सांगणारा वाल्मिककडं बघून सांगत होता. होडी कशी डुलली, ते हातानं दाखवत होता. वाल्मिकला ती गोष्ट पाठ होती. तरी त्यानं विचारलं, "मंग? मंग काय झालं?"

संध्याकाळी मोनिका आली, संगती रेश्मा. रेश्मा म्हणजे तिचा उजवा हात, तोंडानं फटकळ.

"वाल्मिक, तुला टाळ वाजवता येतो ना?"

"कुणी सांगितलं?"

"पाथर्डीच्या माणसाला टाळ येत नसेल, तर काय पियानो येणार?" रेश्मा म्हणाली. "चल, मेळ्याच्या सरावाला ये."

तो गेला. चर्चच्या अंगणात सतरंजी घातलेली, ढोलकी, पेटी, आणि येशूबाळाची गाणी थेट भजनाच्या चालीवर. वाल्मिकनं गावातल्या सप्त्यात लहानपणापासून टाळ धरलेले. पहिल्या कडव्याला तो बुजला, दुसऱ्याला मांडी ठोकून बसला, आणि तिसऱ्याला ढोलकीवाला त्याच्याकडं बघून वाजवायला लागला. मोनिकाच्या आईनं बशीभर करंज्या पुढं केल्या. तेवढ्यात लंकाबाईचा फोन आला. वाल्मिकनं फोन वर धरला.

"कशाचा गोंधळ रं त्यो?"

"दोस्त हायत आई. ऐक."

ह्या खेपेला खोटं बोलावं लागलं नाही.

असे दिवस जायला लागले. सकाळी करणच्या गाडीवर मागं बसून चौकात जायचं, संध्याकाळी मेळ्यात टाळ. वाल्मिकचं चालणं बदललं. आधी भिंतीच्या कडेनं चालायचा, आता जिन्याच्या मधून चढायला लागला. कुणी विचारलं, "मग काय ठरलं रे तुझं?" की तो डोकं खाजवायचा. "विचार चालू हाय. तत्त्वज्ञानाचा माणूस, इतक्या लवकर कसं सांगू." दोन्हीकडं हशा. आणि हशा झाला की आणखी एक दिवस मिळायचा.

उजागरे सर हे सगळं बघत होते. एके दिवशी हजेरी झाल्यावर त्यांनी पुस्तक उघडलंच नाही.

"गर्जे, वर्गाचा कल कुणाकडं आहे?"

"सर, मला दोघं पायजेत."

"पद एकच आहे."

"पदाचं न्हाई म्हणत सर."

सर वळून फळा पुसायला लागले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"बुधवारी मत दिलंस," पुसता पुसता ते म्हणाले, "की गुरुवारी एक बाजू तुझी नसणार. आणि दुसरी... दुसरीचं काम झालेलं असणार."

"म्हायती हाय सर."

"माहिती आहे ते ठीक. मग करणार काय?"

वाल्मिक खिडकीतून चिंचेकडं बघत बसला. सर म्हणत होते ते त्याला त्या पहिल्या भाकरीच्या वेळीच कळलं होतं. कळण्याचा प्रश्न नव्हता. भूक लागलेल्या माणसाला, हे ताट उद्या मिळणार नाही, असं सांगून तो आज जेवायचा थोडाच थांबतो.

आणि मग त्याला युक्ती सुचली. युक्ती कसली, गावची रीतच. त्याच्या गावात ग्रामसभा भरायची तेव्हा माणसं कधीच पुरायची नाहीत. ग्रामसेवक घड्याळ बघायचा, सरपंच रस्त्याकडं बघायचा, शेवटी 'गणपूर्ती नाही, सभा तहकूब' असं पुकारून सगळे चहा पिऊन घरी. पुढच्या आठवड्यात पुन्हा. एका समाजमंदिराचा विषय तर असा तहकूब होत होत वाल्मिक पहिलीतून चौथीत गेला. माणूस कमी असला की सभा पुढं जाते, हे त्याच्या हाडात मुरलेलं. मग आपण बुधवारी गेलोच नाही तर? मतं समान, एक प्रतिनिधी गैरहजर. बाई म्हणणार, तहकूब. पुढच्या बुधवारपर्यंत पुन्हा गाडी, पुन्हा टाळ. आणि मधे नाताळची सुट्टी लागली, तर थेट नव्या सालापर्यंत.

मंगळवारी करणनं विचारलं, "उद्या येणार ना?"

"येणार की."

मोनिकानं विचारलं, "उद्या विसरू नको हं."

"इसरतोय व्हय."

बुधवारी प्रार्थना झाल्यावर तो मागच्या फाटकानं निसटला आणि पाटाच्या कडेनं चालत सुटला. मोबाईल बंद. पाटाला पाणी होतं, दोन्ही बाजूंना पेरूच्या बागा. एका बागवाल्या म्हातारीपाशी तो टेकला. तिनं विचारलं, "कॉलेज न्हाई का रं आज?" तो म्हणाला, "तहकूब हाय." आणि आपल्याच बोलण्यावर खुशीत हसला. त्याच्या डोळ्यांपुढं दिसत होतं, करण गाडी घेऊन सगळीकडं शोधतोय, रेश्मा होस्टेलच्या दारात उभी राहून शिव्या घालतेय. आपल्याला कुणी शोधतंय ही कल्पनाच मुळी गोड. त्यानं म्हातारीकडून पिशवीभर पेरू घेतले. थोडे करणच्या पोरांना, थोडे मेळ्यातल्यांना, एकदोन सरांना. वाटण्या मनातल्या मनात करत तो उन्हं कलल्यावर परत फिरला.

इकडं काय झालं होतं? बाईंनी थोडी वाट बघितली, शिपाई धाडला, शिपाई हात हलवत आला. मतं झाली, समसमान. एकानं विचारलं, "बाई, पुढं ढकलायचं का?" भांबळबाई म्हणाल्या, "कशाला? येशूच्या पहिल्या शिष्यांना बारावा माणूस निवडायचा होता, तेव्हा त्यांनी प्रार्थना केली आणि चिठ्ठ्या टाकल्या. आपण काय त्यांच्यापेक्षा शहाणे?" मिशनच्या कॉलेजात हे म्हटल्यावर बोलायला कोण धजतंय. डोळे मिटून प्रार्थना झाली, दोन चिठ्ठ्या बशीत पडल्या, शिपायानं एक उचलली. मोनिका. सगळा कारभार चहा गार व्हायच्या आत उरकला.

वाल्मिक फाटकातून आत आला तेव्हा मैदानावर गुलाल उडून बसला होता. मोनिकाभोवती गराडा. नाटक कुठलं, पात्रं कोण, पडदा कुणाचा, सगळे एकदम बोलत होते. तो पिशवी घेऊन कडेला उभा राहिला. मोनिकाची नजर त्याच्यावरून गेली, थांबली नाही. रागावलेली नव्हती. नुसती कामात होती. रेश्मानं मात्र बघितलं.

"आले का तत्त्वज्ञानी? ध्यान लागलं होतं वाटतं."

"आजारी हुतो," वाल्मिक म्हणाला.

"आजारी माणूस पेरू खातो होय?" कुणीतरी फिस्सकन हसलं आणि गराडा पुन्हा मिटला, पाण्यात खडा पडून गेल्यावर मिटावा तसा. वाल्मिक थोडा वेळ उभा राहिला. पेरू द्यायला हात उचलावा असं मधे एकदा वाटलं, पण ते कुणाच्या हातात द्यायचे, हेच समजेना. तिथले सगळे हात बोलण्यात गुंतले होते.

मेसमध्ये करणची पोरं बसत त्या बाकावर तो गेला. पोरं होती, करण नव्हता. त्यांचं गॅदरिंगच्या नाटकाविषयी चाललं होतं. एक म्हणत होता, मोनिकाला सांगून आपण एखादा पार्ट मारू. बाकावर कुणी सरकलं नाही. मुद्दाम नाही. त्यांना सरकायचं सुचलं नाही इतकंच. वाल्मिक उभ्या उभ्याच वळला.

मागच्या बाजूला, जिथं जुन्या मोडक्या बाकांचा ढीग घातला होता, तिथं करण एकटा बसला होता. गाडी शेजारी लावलेली, किल्ली बोटात फिरवत. एवढा दांडगा गडी, पण मागची पाच-सहा पोरं नसली की तो अर्धाच दिसत होता. वाल्मिकला बघून त्यानं किल्ली थांबवली.

"कुठं मेलता रं?"

"पाटावर."

"मला मत न्हाई द्यायचं तर तोंडावर सांगायचं. तिला द्यायचं हुतं?"

"न्हाई."

"मला द्यायचं हुतं?"

"न्हाई."

"मग काय येड लागलं हुतं का तुला?"

वाल्मिक एका लंगड्या बाकावर बसला. बाक एका अंगाला कलला, तो सावरून बसला. मग खाली बघत म्हणाला, "मत दिल्यावर उद्या तू मला हाक मारली असती का जेवताना?"

करणनं लगेच उत्तर दिलं नाही. लगेच दिलं असतं तर ते 'व्हय' असतं, आणि वाल्मिकला ते खरं वाटलं नसतं. करणनं किल्लीकडं बघितलं, मेसकडं बघितलं. आतून त्याच्याच पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता.

"नसती मारली," तो म्हणाला.

"मंग, त्यासाठी."

पलीकडच्या रस्त्यानं उसाची गाडी गेली, तिच्यामागं लोंबणारं हिरवं वाढं ओढायला दोन शेरडं पळत गेली. चर्चच्या अंगणात पेटी वाजायला लागली होती. मेळ्याचा सराव. टाळावर कुणीतरी दुसराच होता आणि तो लयीला थोडा मागं पडत होता. वाल्मिकचा हात मांडीवर आपोआप ताल धरायला गेला. त्यानं तो काढून पिशवीवर ठेवला.

"सभा तहकूब हुईल वाटलं," थोड्या वेळानं तो म्हणाला. "आमच्या गावात हुती."

"तहकूब," करण म्हणाला. त्याचं तोंड आधी तसंच आंबट राहिलं, मग ओठाचा एक कोपरा हलला. "तिथं बाईनी डोळं मिटायला लावलं, माहिती का. मी म्हणलं, देवा, माझीच चिठ्ठी काढ. मोनिका पण तेच म्हणत असणार. आता त्यो तरी काय करील? तिची वळख जुनी."

वाल्मिक हसला. ह्या खेपेला दुसरं कुणी आधी हसलेलं नव्हतं.

"काय हाय पिशवीत?"

"पेरू."

करणनं हात घातला, एक उचलला, शर्टाला पुसला आणि दातानं फोडला. चावता चावता म्हणाला, "मीठ न्हाई का?"

"न्हाई."

"बिनमिठाचा पेरू कुणी खातं का? जा, मेसमधून आण की थोडं."

वाल्मिक उठला. आधी चालत, मग जरा भराभर. मेसच्या मावशीनं मीठ कशाला म्हणून उलटतपासणी घेतली, मग डबा सापडेना, मग कागद सापडेना. कागदाच्या पुडीत मीठ बांधून होईपर्यंत त्याचा जीव वरखाली. कान मागच्या बाजूला लागलेले, गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो की काय म्हणून. एकदा आला. तो तसाच थिजला. पण ती कुठली तरी रस्त्यावरची गाडी होती. पुडी मुठीत आवळून तो भिंतीच्या कडेनं निघाला आणि कोपऱ्यापाशी येऊन थबकला. वळायला धीर होईना. वळलं आणि तिथं नुसता बाकांचा ढीग असला तर?

मग वळला.

करण तिथंच होता. कलत्या बाकाच्या तुटक्या पायाखाली दगड सरकवून बाक सरळ करत होता.

"मीठ आणायला समुद्रावर गेल्ता का काय?" तो म्हणाला. "बस आता. हलत न्हाई."